सातव्या तळघराचं लाल दार

तरुणपणी आपण कशात पटाईत होतो, हे माणसानं घरात कधी सांगू नये. बाहेर खुशाल सांगावं. बाहेरचे लोक ऐकून घेतात, फार तर चहा मागवतात आणि विसरून जातात. घरातली माणसं ते लक्षात ठेवतात आणि एक दिवस पुरावा मागतात.

मी ज्यात पटाईत होतो त्याचं नाव ‘बंकर’. हा कॉम्प्युटरवरचा बंदुकीचा खेळ. त्याचं खरं इंग्रजी नाव बरंच लांब होतं आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या सायबर कॅफेत ते कुणालाच धड म्हणता येत नव्हतं, म्हणून नुसतं बंकर. पडद्यावर खाली मधोमध एक बंदूक दिसायची. ती धरणारा माणूस म्हणजे आपण. आपण स्वतः मात्र कधीच दिसायचो नाही, आणि माझ्या त्या वेळच्या तब्येतीकडं बघता ते सोयीचंच होतं. एकाखाली एक अशी सात तळघरं. प्रत्येकात रंगीत किल्ली शोधायची, त्या रंगाचं दार उघडायचं आणि मधे येतील त्या राक्षसांना गोळ्या घालायच्या. सन नव्याण्णवच्या सुमाराला मी आणि माझा मित्र अजिनाथ, आम्ही दोघांनी या खेळात एवढं प्रावीण्य मिळवलं की बी.कॉम.चं तिसरं वर्ष आम्हाला दोनदा करावं लागलं.

‘सातवं तळघर मी बावीस मिनिटांत पार केलं होतं.’ हे वाक्य मी घरात वर्षातून साधारण चार वेळा म्हणतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, म्हणजे ज्ञानेश्वरीनं, माझ्या बायकोनं, ते शहात्तर वेळा ऐकलंय. तिनं कधी वाद घातला नाही. वाद घातला तो आमच्या मुलीनं, तोही सगळ्या जगासमोर.

सृष्टी यंदा बारावी झाली. मोबाइलवर तिचं एक चॅनेल आहे, त्यात ती गेमांबद्दल बोलते. बघणारे दोनशे बारा. त्यातला एक नेमका माझ्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला तिचा नवा व्हिडिओ दाखवला: ‘जुने बंदुकवाले गेम शिळे का होतात?’ आणि पहिलंच उदाहरण बंकर!

“भिंती सगळ्या एकाच मातकट रंगाच्या,” माझी मुलगी हसत हसत सांगत होती. “कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. मान वर करून बघता येत नाही. राक्षस जवळ आला की चहात पडलेल्या बिस्किटासारखा दिसतो. किल्ली या टोकाला, दार त्या टोकाला, आणि मधेच उठावं लागलं तर सेव्ह करायची सोय नाही. तेव्हा लोकांकडं गेम एक होता आणि वेळ लई होता, म्हणून तो ग्रेट वाटला.”

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “पोरगी हुशार आहे हां तुमची.” मी डबा तसाच झाकून ठेवला.

घरी आल्यावर मी शांतपणे विषय काढला. ज्ञानेश्वरीचं म्हणणं की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. सृष्टी म्हणाली, “पप्पा, मी तुम्हाला नाय, गेमला शिळं म्हटलं.” मी म्हणालो, एकच गोष्ट आहे. तेव्हा तिनं फ्रिजवरचा फॉर्म उचलून माझ्यासमोर ठेवला.

या फॉर्मबद्दल सांगायला हवं. पुण्यात गेम बनवायला शिकवणारं एक कॉलेज आहे. पोरीला तिथं जायचं होतं आणि फॉर्मवर पालकाची सही लागत होती. पंधरा दिवस तो फॉर्म फ्रिजवर होता आणि पंधरा दिवस मी फ्रिजकडं न बघता पाणी पीत होतो. माझं म्हणणं, इथंच फार्मसी कर. कारणं मी बरीच द्यायचो: नोकरीची खात्री, होस्टेलचं जेवण, पुण्याची हवा. खरं कारण एकच होतं. ती गेली की घरात मी, ज्ञानेश्वरी आणि पाण्याची पिंपं एवढेच उरणार होतो.

“तुम्ही सातवं तळघर बावीस मिनिटांत करून दाखवा,” सृष्टी म्हणाली. “मी व्हिडिओ काढून टाकते आन् फॉर्म फाडून फेकते. नाय जमलं तर तुम्ही सही करायची. बुधवार शेवटची तारीख हाय.”

मी अट घातली: लॅपटॉपवर नाही, त्या काळच्या यंत्रावर. ज्या तव्यावरची भाकरी त्याच तव्यावर खावी, असं काहीतरी मी म्हणालो. ती म्हणाली, तीन वेळा ट्राय करा. मी म्हणालो, एकदा पुरे. तरी तीन प्रयत्न ठरले, हे बरं झालं.

त्या काळचं यंत्र माळ्यावर होतं. दोन हजार एक साली वडिलांनी घेऊन दिलेला माझा कॉम्प्युटर मी जुन्या चादरीत गुंडाळून जपून ठेवला होता. त्याचा मॉनिटर म्हणजे पाठीमागं पोट असलेला, जुन्या टीव्हीसारखा. तो खाली उतरवताना आमचे सोसायटीचे सेक्रेटरी साहेबराव योगायोगानं दारात उभे होते. साहेबराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पण नोकरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. “अंगदराव, आधी स्टूल तपासा,” ते म्हणाले. मी तपासलं. “आता दुसऱ्या माणसाला धरायला सांगा.” मी त्यांच्याकडं बघितलं. “मला मणक्याचा त्रास हाय,” ते म्हणाले आणि सूचना देत राहिले. मॉनिटर शेवटी ज्ञानेश्वरीनं उतरवला. मी स्टूल धरलं होतं.

बटण दाबल्यावर कॉम्प्युटरमधून धूर आला. फार नाही, उदबत्तीएवढा. मी त्याला स्कूटरवर बसवून मुकुंदवाडीला अजिनाथकडं नेलं. स्टेशनच्या अलीकडं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अजिनाथनं पेटी उघडली तर आतून पालीची अंडी निघाली, जुनी, रिकामी. “अंग्या, आरं हिच्यात बाळंतपणं झाली,” तो म्हणाला. मग मी त्याला पैजेबद्दल सांगितलं. सातवं तळघर, बावीस मिनिटं. तो स्क्रू पिरगाळायचा थांबला.

“बावीस मिन्टं? कोण, तू?”

“म्हणजे आपण,” मी म्हणालो. “पॉवर सप्लायचं काय ते सांग.”

तो बराच वेळ एकटाच हसत होता. मी दुकानातली कव्हरं बघत उभा राहिलो.

पॉवर सप्लाय औरंगपुऱ्यात मिळेल म्हणाला. जिथं आमचा कॅफे होता तिथं आता लग्नाच्या शेरवान्या मिळतात. मी शोरूमपुढं उभा राहून दोन मिनिटं मौन पाळलं, तेवढ्यात आतल्या माणसानं मला मापासाठी आत ओढलं. तिथून सुटका करून घेत बोळीतल्या जुन्या मालाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. “भाई, ये तो मेरे अब्बा के जमाने का माल है. हौला समझे क्या मेरेकू?” हौला म्हणजे येडा. पण त्यानं दिला शोधून. बरोबर खाली रबरी गोळी असलेला माउसही दिला. गोळी बघून मला भरून आलं. आमच्या कॅफेत पोरं माउसमधल्या गोळ्या पळवायची, म्हणून मालकानं त्या सगळ्या काढून गल्ल्यात कुलूपबंद ठेवल्या होत्या. आम्ही अख्खा बंकर नुसत्या कीबोर्डवर खेळलो. माउस शेजारी शोभेला असायचा.

कॉम्प्युटर चालू झाला, खेळही निघाला. सीडी अजिनाथकडं होती, आणि तिच्यासोबत एक दोनशे पानी वही. त्या वहीत आम्ही सातही तळघरांचे नकाशे काढले होते, चौकटीच्या पानांवर, लाल-निळ्या पेनांनी. प्रत्येक तळघराचा सुरू करायचा सांकेतिक शब्द वर कोपऱ्यात लिहिलेला. मी ती वही पिशवीत तळाशी घातली. तिचा मला काही उपयोग नाही, सगळं तोंडपाठ आहे, असं मी अजिनाथला सांगितलं.

आता उरली वीज. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडचं व्होल्टेज एवढं उतरतं की पंखा आपल्याला ओळखत नसल्यासारखा फिरतो. मॉनिटरचं चित्र दोन्ही बाजूंनी आकसून मधोमध पोस्टकार्डाएवढं व्हायचं. साहेबराव परत योगायोगानं दारात होते. “स्टॅबिलायझर लागंल,” ते म्हणाले. स्टॅबिलायझर सगळ्या इमारतीत एकच, तळमजल्यावर मोटारीच्या खोलीत.

ही मोटार काय ते बाहेरगावच्या वाचकांना सांगतो. आमची इमारत बांधली तेव्हा मागं ज्वारी उभी असायची. आता मागं अकरा मजली टॉवर आहेत, पुढंही होतायत, पण नळ त्याच जुन्या पाइपाचा. त्यात मागचा पावसाळा कोरडा गेला. पाणी आठ दिवसांनी एकदा येतं, तेही पाऊण तास. ते आधी जमिनीखालच्या हौदात पडतं. हौद लहान, म्हणून पाणी चालू असतानाच मोटार लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, नाहीतर हौद भरला की बाकीचं पाणी आपल्या दारावरून पुढं जातं. यासाठी जिन्यात पाणीपाळीचा तक्ता लावलाय. बारा घरं, पाळीपाळीनं एकेकानं पाण्याच्या दिवशी घरी थांबून मोटार सांभाळायची. लग्न, बारसं, ताप, कशालाच सूट नाही. मोटार गेल्या मे महिन्यात कमी व्होल्टेजनं जळाली होती, म्हणून स्टॅबिलायझर आला. त्याच्याशिवाय ती सुरू करायची नाही असा ठराव आहे.

“पाणी सोमवारी,” साहेबराव म्हणाले. “आज शनिवार. रविवार संध्याकाळपर्यंत न्या. रीतसर अर्ज करा.” मी रीतसर अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘शैक्षणिक’ लिहिलं. साहेबरावांनी त्यावर ‘पाहिले’ लिहून सही केली, रजिस्टरला नोंद केली आणि मोटारीच्या खोलीची किल्लीही माझ्याच हवाली केली, कारण सोमवारची पाळी माझीच होती. साहेबरावांकडं सगळ्या किल्ल्यांना रंगीत फिती बांधलेल्या असतात: मोटारीची निळी, गच्चीची लाल. त्यांनी दोन्ही दिल्या, असू द्या म्हणाले. स्टॅबिलायझर मी तिसऱ्या मजल्यावर एकट्यानं चढवला. अर्ज करणाऱ्यानंच सामान वाहून न्यायचं असतं म्हणे.

रविवारी जेवणं उरकून दोन वाजता मी खुर्चीत बसलो. सृष्टी मोबाइलवर घड्याळ लावून शेजारी. वहीतला शब्द टाकला, सातवं तळघर उघडलं, आणि मला एकदम कळलं की पोरगी खोटं बोलत नव्हती. हे काय होतं? माझ्या आठवणीतलं तळघर केवढं होतं, अंधारं, ओलं, टपटप आवाजाचं. समोर मातकट भिंतीची बोळ होती, आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूमसारखी. बंदूक पावलागणिक डावी-उजवीकडं डोलत होती. मी दोन पावलं पुढं गेलो आणि दाराआडच्या राक्षसानं मला मारलं.

“चाळीस सेकंद,” सृष्टी म्हणाली.

“तो राक्षस पूर्वी नव्हता.”

“पप्पा, गेममधल्यांची बदली होत नाय.”

दुसऱ्या वेळी त्याला मी आधीच टिपलं आणि आत शिरलो. डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो, परत डावीकडं, आणि परत त्याच राक्षसाच्या प्रेतापाशी आलो. बंदूक डोलत होती. माझं पोटही तिच्याबरोबर डोलायला लागलं. विशीतलं पोट आणि पंचेचाळिशीतलं पोट यांत फरक असतो, हे खेळ बनवणाऱ्यांनी लक्षात घेतलेलं नाही. घाम फुटला. ज्ञानेश्वरीनं लिंबूपाणी दिलं आणि कपाळाला हात लावून बघितला. “अहो, बसल्या जागी तुम्हाला गाडी लागली,” ती म्हणाली. मी उलटी बाथरूममध्ये केली आणि ती धुवायला सोमवारच्या भरवशावर ठेवलेलं अर्धं पिंप गेलं. तेवढ्यात तळघरात मी मेलो होतो.

तिसरी आणि शेवटची वेळ. सृष्टी उठली. मला वाटलं, फॉर्म आणायला गेली. ती माझी पिशवी घेऊन आली, तळातून वही काढली आणि सातव्या तळघराचं पान मांडीवर उघडून बसली.

“चालू करा,” म्हणाली. “सरळ. आता डावीकडं. थांबा, खांबामागं एक हाय, लिहिलंय इथं.”

“अगं, तू कशाला सांगतेस? हरशील.”

“सरळ बघा, पप्पा. उजवीकडं वळा.”

मी वळलो. गोळ्या घातल्या. ती सांगत गेली, मी कीबोर्ड बडवत गेलो. माउस शेजारी शोभेला. पाच मिनिटांत निळी किल्ली, अकराव्या मिनिटाला निळं दार. पोट शांत झालं होतं, बोटं आपोआप पडत होती. मधेच मला वाटलं, आपण वीस वर्षांचे आहोत आणि शेजारी अजिनाथ बसलाय. नंतर वाटलं, नाही, हे त्याच्यापेक्षा बरंय. सतराव्या मिनिटाला लाल किल्ली उचलली. आता फक्त एक लांब बोळ, तिच्या टोकाला लाल दार. बोळ राक्षसांनी भरलेली होती, पण गोळ्या होत्या आणि पाच मिनिटं होती.

आणि खालून आवाज आला, “आरं अंगदा! पाणी आलं, पाणी!”

हा आवडाबाईंचा आवाज. त्या तळमजल्यावर एकट्याच राहतात, मूळच्या दौलताबादच्या. हौदात पाण्याचा पहिला थेंब पडला की त्यांना तो झोपेतही ऐकू येतो. नंतर कळलं की मागच्या टॉवरवाल्यांच्या खोदकामात पलीकडच्या भागाचा पाइप फुटला, म्हणून पाणी सोडणाऱ्या कडूबानं त्यांचा व्हॉल्व्ह बंद करून आमचा एक दिवस आधी उघडला. तेव्हा मला एवढंच कळत होतं की पाणी खाली आलंय, मोटार खाली आहे, आणि मोटारीचा स्टॅबिलायझर माझ्या पायाशी गुंगुं करत बंकर चालवतोय.

“दोन मिनिटं!” मी ओरडलो.

ज्ञानेश्वरी दारात येऊन उभी राहिली, हातात कळशी. “रोज हिच्यावर कोण ओरडतं, दोन मिनिटं दोन मिनिटं करत बसतेस म्हणून?”

“अगं, सेव्ह होत नाही हे!”

“तेच तर म्हटलंवतं मी व्हिडिओत,” सृष्टी हळूच म्हणाली. पण तिनं वही खाली ठेवली नाही. “पुढं दोघं आहेत, पप्पा.”

मी दोघांना मारलं. दार दिसायला लागलं. लाल, मातकट लाल, पण लाल. जिन्यात दारं उघडल्याचे आवाज, बादल्यांचे आवाज, साहेबरावांचा “पाळी कोणाची? पाळी कोणाची?” असा आवाज, ज्याचं उत्तर त्यांना माहीत होतं. मी दार उघडलं असतं. खरंच उघडलं असतं. बोळीत आता एकच राक्षस उरला होता.

“अंगदा,” आवडाबाई खालून म्हणाल्या. आता ओरडत नव्हत्या, दमल्या होत्या. “माझा ड्रम शुक्करवारपासून पालथा पडलाय रं बाबा.”

मी हात खाली घातला आणि प्लग उपटला. चित्र मधोमध गोळा झालं, एक ठिपका उरला, मग तोही गेला. आवडाबाईंच्या पहिल्या हाकेपासून इथपर्यंत चार मिनिटं गेली होती. सोसायटीच्या बैठकीत मी दीड सांगितली. खरा आकडा आज पहिल्यांदाच लिहितोय.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. स्टॅबिलायझर छातीशी धरून मी तीन मजले उतरलो. किल्ली वर राहिली. वर गेलो, किल्ली घेऊन खाली आलो, कुलपाला लावली, लागेना. फीत लाल. गच्चीची. परत वर. पहिल्या मजल्यावर साहेबराव रजिस्टर घेऊन उभे, “स्टॅबिलायझर परत मिळाल्याची सही करा आधी.” दुसऱ्या मजल्यावर बादल्यांची रांग. सगळे जिने, सगळ्या भिंती एकाच मातकट रंगाच्या. तिसरा मजला समजून मी दुसऱ्यावरच एका घरात शिरलो आणि तिथल्या बाईंनी मला हाकलून दिलं. शेवटी वरून सृष्टी कठड्यावर ओणवी होऊन ओरडली, “पप्पा! निळी माझ्याकडं हाय! तिथंच थांबा, खाली टाकते!” तिनं टाकली, मी झेलली. माझ्या आयुष्यातला हा एकमेव झेल, आणि तो बघायला सगळी इमारत हजर होती.

मोटार चालू झाली तेव्हा पाणी जेमतेम वीस मिनिटं उरलं होतं. टाकी अर्धीही भरली नाही. हौदातलं पहिलं पाणी मी कळशीनं आवडाबाईंच्या ड्रमात ओतलं. चौथ्या कळशीला त्या म्हणाल्या, “काय करत व्हतास रं वर?”

“गेम खेळत होतो.”

“व्हय?” त्यांनी माझ्या टकलाकडं बघितलं. “खेळावं. पर मोटार लावून खेळावं.”

संध्याकाळी बैठक झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, कारण खाली ठेवणं जास्त उठून दिसलं असतं. जिन्यातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं: ‘पाणीपाळी चुकविणारे: श्री. अंगद, घर क्र. ९. पुढील तीन पाळ्या यांच्याच.’ साहेबरावांचं अक्षर फार सुंदर आहे, त्यामुळं येणारे-जाणारे थांबून वाचायचे. ‘शैक्षणिक’ या शब्दाखाली त्यांनी माझ्या अर्जावर दोन रेघा मारल्या आणि अर्ज फायलीला लावला.

सोमवारी मी पैजेचा कायदेशीर विचार केला. मी हरलो नव्हतो. खेळ तांत्रिक कारणानं स्थगित झाला होता. स्थगित प्रकरणात निकाल देता येत नाही. हे मी सृष्टीला सांगणार होतो, शब्दही जुळवले होते. ती गॅलरीत बसून वही चाळत होती. फॉर्मबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तेच मला लागत होतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “लाल दारापुढं तुम्ही काहीच काढलेलं नाय.”

मी बघितलं. सातव्या तळघराच्या पानावर लाल दारापर्यंत सगळं रेखीव, आणि दारापुढं कोरे चौकोन. त्यावर अजिनाथचं अक्षर: ‘इथून पुढं माहीत नाही.’

जुळवलेले शब्द गेले. “आम्ही ते दार कधी उघडलंच नाही,” मी म्हणालो. “तिथपर्यंत पोचलो होतो, बावीस मिनिटांत, हे खरंय. अजिनाथ नकाशा धरायचा, मी कीबोर्ड. पण प्रत्येक वेळी तिथं आमचा अर्धा तास संपायचा. मालक मशीन बंद करायचा. मग परीक्षा आली, कॅफे गेला. पुढं घरी कॉम्प्युटर आला, पण एकट्याला ते खेळता येत नव्हतं.” एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं आणि शहात्तर वाक्यं लागली होती.

“त्याच्यामागं काही नाय,” सृष्टी म्हणाली. “दार उघडलं की एक पाटी येते, किती मारले, किती मिनिटं लागली. बस्स.”

“तुला काय माहीत?”

“मी संपवलाय ना तो. फेब्रुवारीत, व्हिडिओसाठी. दोनदा.”

रस्ता तिला पाठ होता. राक्षस कुठल्या खांबामागं आहे तेही तिला ठाऊक होतं. “मग काल वही कशाला वाचत होतीस?”

“तुम्ही लिहिलेली व्हती म्हणून,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

मी आत गेलो, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि सही केली. पेन दोनदा चाललं नाही, तिसऱ्यांदा चाललं. ज्ञानेश्वरीनं विचारलं, डोळ्याला काय झालं? मी म्हणालो, मॉनिटरचा त्रास. मॉनिटर तेव्हा कालपासून बंद होता.

सही झाल्यावर कळलं की फॉर्मबरोबर उत्पन्नाचा दाखला जोडायचाय आणि हातात दीड दिवस आहे. सृष्टीचा चेहरा पडला. साहेबराव दारातच होते. म्हणाले, “दीड दिवसात? विसरा. पंधरा दिवस धरा.”

पण हा दाखला माझ्याच ऑफिसच्या इमारतीत निघतो. पंचवीस वर्षं मी त्या इमारतीत वावरतोय. मी वहीचं शेवटचं कोरं पान घेतलं आणि लाल-निळ्या पेनांनी नकाशा काढला. तळमजला, चार नंबरची खिडकी, अर्ज. दुसरा मजला, उजवीकडून तिसरं टेबल, तपासणी. तो गृहस्थ पावणेअकराला चहाला उठतो, त्याच्या आत गाठायचं. शिक्का तिसऱ्या मजल्यावर, पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली पहिल्या मजल्यावर. साहेबांची सही परत दुसऱ्यावर. जावक क्रमांक तळमजल्यावर, म्हणजे माझ्या टेबलावर.

मंगळवारी सकाळी सृष्टीनं नकाशा बघितला आणि हसायला लागली. “पप्पा, हे तर सेम बंकर हाय! किल्ली एकीकडं, दार एकीकडं, कुठंच पाटी नाय.”

“बंकरच आहे,” मी म्हणालो. “आणि इथं मी सातव्या तळघरात नोकरीला आहे. वही धर. मागं राहू नकोस.”

साडेदहाला आम्ही शिरलो. ती वही धरून सांगत होती, “आता उजवीकडं,” आणि मी आधीच वळलेला असायचो. जिन्यात मी दोन-दोन पायऱ्या चढलो. पोट अजिबात डोललं नाही. चहाला निघालेल्या गृहस्थाला दारातच गाठलं, किल्ली घेतली, शिक्का घेतला. जावक क्रमांक स्वतःच्या हातानं टाकला, त्याखाली तारीख घातली आणि दाखला माझ्या पोरीच्या हातात ठेवला. पुण्याला जायचा दाखला.

तिनं मोबाइल बघितला. जिन्यात पाऊल ठेवतानाच तिनं घड्याळ लावलं होतं.

“बावीस मिनिटं चाळीस सेकंद,” ती म्हणाली.

“सेकंद धरत नसतात,” मी म्हणालो.

तिनं वहीचं ते पान जपून फाडलं, घडी घातली आणि दाखल्याबरोबर फायलीत ठेवलं. मी म्हणालो, अगं, त्याचा आता काय उपयोग? ती म्हणाली, “तिकडं दाखवीन. सांगीन, पप्पांनी संपवला.”